गुडघ्याला गुडघा लावून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या गिटारी दुरुस्त करणारे काका, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे गिटारचे सर, सरांच्या घरच्या आमच्या काकू, आणि क्लासच्या माझ्या नव्याजुन्या सोबत्यांनो,

मला बोलायला उभं केलंय, कारण मी सगळ्यांत लांबून आलोय. हुशार होतो म्हणून नव्हे, ते सर सांगतीलच. शाळा माझी अर्ध्यावर सुटली, पण हा क्लास कधी चुकवला नाही. आई म्हणायची, "शाळेच्या वेळेला बरं पोट दुखतं तुझं, आणि तिकडे जाताना पळतोस."

आता, आपले सर डावखुरे. दुसरे मास्तर शेजारी बसवून शिकवतात, सर समोर बसवायचे. गुडघ्याला गुडघा लावून. गिटारच्या दांड्यावर त्यांचा उजवा हात, माझा डावा, दोन्ही एकाच बाजूला. पुस्तक नाही, कॉर्डची नावं नाहीत. "माझ्या बोटांकडे बघ. छतावर काय लिहून ठेवलंय?" एवढाच काय तो धडा. रॉकचा एकेक रिफ मी असा उचलला. घरी तोच तुकडा इतका घासायचो, की शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, "तुमच्याकडचा सुतार अजून किती दिवस आहे हो?"

मग पोटासाठी लांब गेलो. जहाजं रंगवतो. आमच्या खोलीतल्या स्वयंपाक्याकडे गिटार आहे. एका सुट्टीला तो नवं गाणं शिकवायला समोर बसला. तो माझ्यासारखाच उजव्या हाताचा, म्हणजे समोरून सगळं उलटं. त्याचं बघून माझी बोटं भलतीकडेच पळाली. तो म्हणाला, "मित्रा, खरंच शिकलायस, की नुसते गिटार धरून फोटो काढायचास?"

पुढे एकदा गिटार घेऊन कपाटाच्या आरशासमोर बसलो, आणि बोटं सुतासारखी सरळ आली. आरशातला माणूस डावखुरा होता ना. क्षणभर वाटलं, सरच बसलेत. मग मी रिफमध्ये चुकलो, तर तोही चुकला. पुढे वाजवत राहिला. सर असते तर तिथल्या तिथे थांबवलं असतं. तेव्हापासून, खरं सांगतो, त्या खोलीत फार एकटं वाटतं.

यंदा सरांची बोटं आखडली आणि त्यांनी गिटार ठेवून दिली, हे आल्यावर कळलं. काल घरी गेलो. म्हटलं, "सर, एकदा बसू या ना." सर म्हणाले, "आता माझ्याकडे बघून काय शिकणार आहेस?" काकू सामान बांधत होत्या. उद्या हे दोघं लेकीकडे राहायला जाणार, परवा माझी रजा संपणार. पुन्हा कधी भेट व्हायची?

म्हणून सर, चारचौघांत हट्ट करतोय. वाजवतो मी. तुम्ही नुसते समोर बसा. तुम्हाला बोटं वळवावी लागणार नाहीत.

बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची गिटार जरा द्या इकडे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मंडळी, पोटात घाला. वाजवण्यात झालं, तर सर, तुम्ही मात्र घालू नका. थांबवा मला.