आत्या निवृत्त होतेय, केंद्र नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय डॉक्टरबाई, प्रमुख पाहुणे आणि नगरपालिकेचे सन्माननीय सभापती साहेब, केंद्राच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती, आणि समोर बसलेल्या, खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यात उभ्या राहिलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी काही भाषणं करणारी बाई नव्हे. मी शहर बससेवेत चालक आहे. आमच्या गाडीत ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असते, त्यामुळे दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मीही गप्पच असते. आज ती सगळी कसर भरून निघण्याची भीती आहे. निवेदकांनी मला ‘थोडक्यात’ असं बजावलंय. बघू या.

आणखी एक खुलासा आधीच करते. मघापासून सगळे ‘आदरणीय आत्या’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ असं बोलताहेत. ते योग्यच आहे. पण आमच्या भाषेत ‘अहो’ नाही. आईला तू, सासऱ्याला तू, आत्यालाही तूच. तेव्हा मी तिला एकेरीत बोलले, तर तो माझा उद्धटपणा समजू नये. पुढे जो उद्धटपणा येईल तो वेगळा असेल, आणि तो तुम्हाला लगेच ओळखू येईल.

माझ्या आधी सभापती साहेब बोलले. फार गोड बोलले. म्हणाले, ‘एके काळी या केंद्राची गरज होती. आता आदिवासी बांधव शहरात मिसळून गेले आहेत. आत्यांच्या निवृत्तीबरोबर या वास्तूनेही नवी भूमिका घ्यावी. सर्वांसाठी प्रशस्त सभागृह, आणि एका बाजूला तुमच्या संस्कृतीचं देखणं दालन.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. मग माझे हात थांबले.

साहेब, दालन म्हणजे काय हो? काचेमागे पुतळे उभे करणार ना? एक पुरुष धनुष्य घेतलेला, एक बाई डोक्यावर टोपली घेतलेली? जरा समोर नजर टाका. या पहिल्या रांगेत दोन रंगारी बसलेत, एक परिचारिका आहे, एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, आणि ते कोपऱ्यातले काका तर बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असतात. धनुष्य कुणाच्याच हातात नाही. आम्ही काचेच्या अलीकडे आहोत, आणि अलीकडेच बरे आहोत.

राहिलं ते ‘मिसळून गेले’. त्याचं उत्तर मला देता येईल. माझे वडील या शहरात मिसळून गेले होते. इतके मिसळले, की सापडेनात.

मी तेव्हा आईचं बोट धरून चालणारी होते. जलवाहिनीचे चर खणायला मुकादमाने आमच्या डोंगरातून माणसं आणली, त्यांत वडीलही आले. कामावर त्यांना ताप भरला. मुकादमाने त्यांना सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर आणून सोडलं आणि तो पुढच्या कामावर निघून गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘माझी माणसं कुठं आहेत?’ कुणाला कळलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं. तरी कळलं नाही. मग ते उठून चालू लागले. धरलं, तर त्यांनी ढकललं. ढकललं म्हणून बांधलं. बांधलं म्हणून ते ओरडले. आणि त्यांच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘असंबद्ध बडबड’.

तुम्हीच सांगा, तुम्हाला कुणी बांधून घातलं आणि ‘मी इथं का?’ या तुमच्या प्रश्नालाच कुणी आजार म्हटलं, तर तुम्ही किती वेळ शांत राहाल?

त्यांना मनोरुग्णालयात पाठवलं. तिथे सुया, गोळ्या. जीभ जड झाली, हात थरथरू लागले. काही काळाने त्यांनी बोलणंच सोडलं. मग लिहिलं गेलं, ‘सुधारणा आहे.’

इकडे गावात मुकादमाचा निरोप आला, की तुमचा माणूस काम टाकून पळाला. बाकीचं लोकांनी स्वतःच जुळवलं. शहरात दुसरा संसार थाटला असेल. आईला ना रडता येई, ना विसरता येई. आणि मी? मी माझ्या बापावर रागावून मोठी झाले. शाळेत मला कुणी विचारलं तर सांगायचे, मला वडील नाहीत.

त्या काळात हे केंद्र म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली होती. ऑइलचा वास, खाली ठोकाठोक. सरकारी कचेरीत टंकलेखन करणारी एक बाई दर रविवारी ती खोली उघडायची, आणि आपली माणसं तिथे येऊन फक्त बोलायची. घरकाम करणाऱ्या बायका, गवंडी, राखणदार. आठवडाभर परक्या भाषेत ‘हो साहेब, हो बाई’ करून तोंड आंबलेलं असायचं. तिथे ती तोंडं मोकळी व्हायची. तिला तेव्हा सगळे ‘बाई’च म्हणत.

एका रविवारी मनोरुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करणारा आपला एक माणूस धावत जिना चढून आला. दम लागलेला, चेहरा फुललेला.

‘बाई, मला शिवी दिली!’

‘मग त्यात एवढा आनंद कसला?’

‘आपल्या भाषेत दिली!’

कुणा रुग्णाच्या अंगावरची चादर त्याने धुवायला ओढली होती, आणि वर्षानुवर्षं मुका समजला गेलेला तो रुग्ण चादर घट्ट धरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला होता. माझ्या वडिलांची या शहराला झालेली ओळख ही अशी आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून अधीक्षकांसमोर उभी राहिली. ते म्हणाले, ‘फक्त नातेवाइकांना भेटता येतं. तुम्ही त्यांच्या कोण?’

‘आत्या.’

अधीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. ती तिशीतली. माझे वडील चाळिशीतले, पण तिथे राहून साठीचे दिसू लागलेले.

‘ते तर तुमच्यापेक्षा मोठे दिसतात.’

‘त्याचा बाप माझा थोरला भाऊ. मी शेंडेफळ.’

‘पुरावा काय?’

‘त्यालाच विचारा.’

‘ते बोलत नाहीत, बाई.’

‘तो बोलतो. तुम्हाला कळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, साहेब.’

माणसांनो, ती धडधडीत खोटं बोलली होती. आज तिच्या तोंडावर सांगते. आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची आत्या झाली.

अधीक्षक वाईट नव्हते, पण खुर्ची मोठी होती. ते म्हणाले, ‘समजा ती भाषा आहे. वेडा माणूसही स्वतःच्या भाषेतच वेडा असतो. तो शहाणा आहे हे कशावरून?’ प्रश्न रास्त होता. आत्या म्हणाली, ‘त्याला एक दुपार आमच्यात बसू द्या. मग तुम्हीच ठरवा.’ तिथे नुकत्याच रुजू झालेल्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, मी हजर राहते.’ त्या डॉक्टर आज आपल्या अध्यक्षा आहेत. डॉक्टरबाई, मान खाली घालू नका. टाळ्या घ्या.

पुढच्या रविवारी रुग्णालयाच्या आवारात, झाडाखाली, आपली माणसं गोल करून बसली. वडिलांना आणून मध्ये बसवलं. ते जमिनीकडे बघत बसले. एक बोलला, दुसरा बोलला. नाव विचारलं, गाव विचारलं. शब्द नाही. डॉक्टरबाई बाजूला उभ्या, परिचारकाचं लक्ष घड्याळाकडे. सगळं फसणार असं दिसू लागलं.

तेव्हा आत्या शेजारच्या बाईला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, ‘हा डोंगराच्या पलीकडचा दिसतो गं. पलीकडचे लोक शब्दाचं शेपूट गिळतात. याला आपलं स्वच्छ बोलणं कुठलं समजायला!’

वडिलांनी मान वर केली.

‘शेपूट तुम्ही लोक लावता,’ ते म्हणाले. ‘आमचं बोलणं पुरेसंच असतं. तुम्ही अलीकडचे गाता की बोलता, तेच कळत नाही.’

मग असा हशा पिकला, की वॉर्डाच्या खिडक्यांना माणसं जमली. वडीलही हसले. हसता हसता त्यांचं रडणं सुरू झालं, आणि रडता रडताही ते आत्याच्या एका शब्दाचा उच्चार सुधारत होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘काय म्हणताहेत ते?’ आत्या म्हणाली, ‘माझं व्याकरण चुकतंय म्हणताहेत.’

त्या दुपारी त्यांनी सगळं सांगितलं. ताप, मुकादम, पायऱ्या, आईचं नाव, माझं नाव. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि खाली आपलं मत लिहिलं, ‘यांना सोडावं.’ गोष्ट इथे संपायला हवी होती. पण अधीक्षकांनी ती समितीकडे पाठवली, आणि समिती कधी बसायची हे समितीलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा आत्याने काय केलं? गॅरेजवरच्या खोलीचा फलक उतरवला आणि दोघांच्या खांद्यावरून नेऊन मनोरुग्णालयाच्या फाटकाशी ठेवला. ‘हा माणूस बाहेर येईपर्यंत केंद्र इथं भरेल,’ म्हणाली. राखणदार धावत आला. ‘फलक लावायला परवानगी लागते!’

‘लावलाय कुठं? टेकवलाय.’

ऊन होतं, थंडी होती, आणि दर रविवारी फाटकासमोर आपली माणसं बसत होती. बायका कामाच्या घरून परस्पर येत. कुणाची मालकीण रागावली, कुणाचं काम सुटलं. तिच्या कचेरीतून तिला समज मिळाली. तिने ती समज वाचली, घडी घातली आणि पुढच्या रविवारी पुन्हा फाटकाशी हजर. वडिलांना आतल्या खिडकीतून फाटक दिसायचं. ते तिथून ओरडून गप्पांत भाग घ्यायचे. शेवटी समिती बसली. मला वाटतं, ओरडण्याला कंटाळूनच बसली.

मग आत्या आमच्या गावी आली. मी दारात होते. आईने विचारलं, ‘तू कोण?’

‘तुझ्या नवऱ्याची आत्या.’

‘त्याला आत्या नाही.’

‘आता आहे. चल, तो वाट बघतोय.’

आई गेली. रुग्णालयाच्या दारात वडील कुणाच्या तरी सैल सदऱ्यात उभे होते. आई रडली नाही. म्हणाली, ‘इतकी वर्षं कुठं होतास?’ ते म्हणाले, ‘इथंच. विचारायला कुणी नव्हतं.’

ते घरी आले, पण पुरते आले नाहीत. हातांची थरथर राहिली, कुऱ्हाड पुन्हा धरता आली नाही. बोलत मात्र अखंड. गावातली माणसं त्यांना लांबून बघून वाट बदलायची. आई म्हणायची, ‘बोलू दे. साठलंय.’ मी त्यांच्यावर रागावण्यात घालवलेल्या वर्षांबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. आणि त्यांची गेलेली वर्षं? त्याबद्दल कुणीही, कधीही, ‘आमचं चुकलं’ असं म्हटलेलं नाही. रुग्णालयाने नाही, मुकादमाने नाही, नगरपालिकेने नाही. ज्या जलवाहिनीसाठी ते आले, तिचं पाणी मात्र या शहराच्या नळांना अजून येतंय.

म्हणून साहेब, गरज होती की आहे, ते मला सांगू नका. आज सकाळी आम्ही इथे हार बांधत होतो, तेव्हा हॉटेलात सफाई करणारी आपली एक सून मुलीला घेऊन आली. शाळेने मुलीला मंदबुद्धी ठरवलंय, कारण ती वर्गात बोलत नाही. आत्याने हार बाजूला ठेवले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसली. त्या मुलीने आत्याला आजीची बकरी, बकरीचं बाळंतपण आणि शाळेतल्या बाईंचा चष्मा याबद्दल जे ऐकवलं, ते ऐकून ही मुलगी मंद असेल तर मी तरी बस चालवायला लायक आहे का, असं मला वाटलं.

उद्या सकाळी आम्ही त्या शाळेत जाणार आहोत. आत्या येणार नाही. ती निवृत्त होतेय, आणि तिने आता पाय वर करून पडावं असा कार्यकारिणीचा हुकूम आहे. तिच्या जागी काम बघायला सभासदांनी मला निवडलंय. मी पगार बससेवेचा घेईन आणि सकाळपाळी केंद्राची करीन. इमारतीबद्दल नगरपालिकेचा जो काही ठराव यायचा तो येऊ दे. तो आणणाऱ्याला आम्ही बसायला खुर्ची देऊ, पाणी देऊ. जागा देणार नाही. हे मी एकटी बोलत नाहीये, जिन्यातल्या माणसांना विचारा.

बघा, विचारायच्या आधीच उत्तर आलं.

आत्या, तुझे आभार मानायला आमच्या भाषेत शब्द नाही. आम्ही उपकाराची परतफेड करतो, आभार मानत नाही. तेव्हा तू बघत राहा. डॉक्टरबाई, साहेब, कार्यकारिणी, आणि तासभर उभं राहून ऐकणाऱ्या सगळ्यांचे मात्र मी या भाषेत मनापासून आभार मानते. ‘थोडक्यात’ झालं नाही, त्याबद्दल निवेदकांची माफी.

ही भाषा मी मागाहून शिकले आहे. बोलताना कुठे शब्द चुकला असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. शब्द चुकला असेल, म्हणणं चुकलेलं नाही. ते जसं आहे तसंच घरी घेऊन जा.

नमस्कार.