ठेवलेली कमाई

— नाही नाही, उठू नकोस, बस गं. खुर्ची कुणाची नाही, मीच पिशवी ठेवली होती. मघाशी तू त्या पिवळ्या शर्टवाल्याला काहीतरी समजावत होतीस ना — तो कसला ऐकतोय, पण मी ऐकलं, म्हणजे अर्धंच ऐकलं, कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. हिशेबाचं काम करतेस म्हणालीस? इथेच, इपोहमध्ये? बरं झालं बाई. मग मला एकच सांग, पण लवकर सांग, ती मुलगी मतांची पेटी घेऊन पुढच्या रांगेत आलीसुद्धा. या बघ दोन चिठ्ठ्या. एक माझी, एक आमच्या म्हाताऱ्याची, नवऱ्याची. त्याच्या अंगावरून वारं गेलंय, डावी बाजू सगळी गेली, म्हणून त्याची सही घेऊन मीच आले. कंपनीच्या मालकाच्या घरचे म्हणतायत, तुमचे सगळ्यांचे शेअर आम्हाला परत द्या, एका शेअरला तीस सेन घ्या आणि मोकळे व्हा. आता हो लिहायचं की नाही लिहायचं? म्हातारा म्हणतो नाही. सकाळी तोंड पुसताना म्हणाला, भात भरवताना म्हणाला, दारातून निघाले तर उजव्या हाताने पलंग बडवून परत म्हणाला — मुई, नाही लिही, दोन्हीवर नाही लिही.

का म्हणजे? ठेवलेली कमाई! अगं, दरवर्षी कंपनीचं ते जाडं पुस्तक टपालाने येतं ना, त्यात एक ओळ असते — आजवर जो नफा वाटला नाही, ठेवून दिला, तो इतका. आमचा म्हातारा, फूक सेंग, आयुष्यभर पोस्टात कारकून, पुस्तक आलं की चष्मा लावून बसायचा आणि तेवढी एकच ओळ वाचायचा. ओळ वाढली की स्वारी खूश, मला बाहेर नूडल्स खायला न्यायचा. आम्ही शेअर घेतले तेव्हा माणशी — माणशी काय म्हणतेय मी — शेअरमागे ती रक्कम चाळीस सेन पडायची, आता एक रिंगिट चाळीस, म्हणजे एकशे चाळीस सेन. मग तो म्हणतो, आपलेच एक चाळीस आत ठेवलेले असताना हे लोक तीस हातावर ठेवतात, आम्ही काय दूधखुळे आहोत का? आणि मलाही ते पटलंच की. का नाही पटणार? माझी आई भात रांधताना रोज मूठभर तांदूळ मागे काढायची, वेगळ्या डब्यात टाकायची. वर्ष सरताना डबा उघडला की तांदूळ असायचे. ठेवलं की असतं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

— डबा नाही? म्हणजे काय डबा नाही?

हळू सांग. परत सांग. बेरीज? — कंपनी निघाल्यापासून किती मिळवलं, त्यातलं आम्हाला किती वाटलं नाही, त्याची नुसती बेरीज? बरं, असू दे बेरीज. मग ते पैसे कुठे आहेत? तेवढं सांग ना, पैसे कुठे आहेत? कुलीमचा कारखाना — हो, तो पाहिलाय आम्ही, उद्घाटनाला बस केली होती, म्हाताऱ्याने भिंतीला हात लावून फोटो काढून घेतला. यंत्रं, साचे, ठीक आहे. दुकानदारांकडे अडकलेले? म्हणजे माल गेला, पैसे आले नाहीत, तरी नफा झाला असं लिहितात? असं लिहिता येतं? कायद्याने? बरं बाई, तू म्हणतेस तर येत असेल. आणि उरलेले? न विकलेला माल. गोदामात.

थर्मास.

अगं देवा. अगं, दरवर्षी दारात एकेक थर्मास देतात भेट म्हणून, ज्याची सही आणली त्याचाही वेगळा देतात, त्यासाठीच तर निम्मे लोक येतात, तू नवी आहेस, तुला माहीत नाही. या वर्षी तीन-तीन दिले! मी सहा घेऊन बसलेय, बघ पायाशी, आणि मनात म्हटलं, किती दिलदार झालीय कंपनी. ती आमचीच कमाई आहे होय? आमचीच कमाई पिशवीत घालून आमच्याच हातात देतायत, आणि मी त्या पोरीला तीनदा वाकून थँक्यू म्हटलं.

रोख किती आहे ते दुसऱ्या पानावर असतं? ते पान त्याने कधी उलटलंच नाही. — नाही, तू त्याला नावं ठेवू नकोस. नाही ठेवलीस, बरं, मला वाटलं ठेवलीस. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी केल्या त्याने, एका सेनची चूक नाही. आणि कंपनी एवढी पोकळ असती तर दरवर्षी लाभांश कुठून दिला असता? हे सांग ना मला. हा म्हाताऱ्याचा प्रश्न आहे, याचं उत्तर दे.

— हो. माहितीये. चार वर्षं दिलेला नाही, मला माहितीये गं. मला माहितीये. त्याला नाही.

हे बघ, तो आजारी पडला त्याच वर्षी बंद झाला. तोंड वाकडं, बोलता येईना, डोळ्यांतून पाणी, आणि पहिला शब्द फुटला तो काय तर — आला का? लाभांश आला का? मग मी काय सांगायचं होतं? म्हटलं आला. बँकेतून काढून आणते म्हटलं. मी पहाटे कुएह, तांदळाच्या गोड वड्या, वाफवते, बाजारात बसते, त्याला वाटतं भाजीपाल्यापुरतं सुटतं. त्यातूनच बाजूला काढले, नव्या वर्षाच्या आधी त्याच्या हातात ठेवले. तो मोजायचा, एका हाताने मोजायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा. पुढच्या वर्षी परत विचारलं. मग काय, थांबवता थोडंच येतं? डॉक्टरच्या औषधाने येत नाही एवढी तरतरी यायची त्याला. मी काही वाईट केलं नाही. कंपनी देत नव्हती, मी दिलं.

पण गेल्या वर्षी दलालाचा फोन आला होता. ऐंशी सेनला घेणारा आहे म्हणाला. ऐंशी! मी म्हटलं, देऊन टाकू या हो. तर म्हातारा हसला, अर्ध्या तोंडाने हसतो आता, म्हणाला, वेडी आहेस का, इतक्या पडत्या काळातही जी कंपनी न चुकता लाभांश देते, ती कुणी विकतं का?

मीच दलालाला परत फोन करून नको म्हटलं.

तू बघू नकोस गं अशी माझ्याकडे. मला रडायला वेळ नाही. गुरुवारी मला डॉक्टर म्हणाले, बाई, छातीवर ताण आहे, यापुढे वजन उचलायचं नाही. मी म्हटलं, साठ किलोचा नवरा आहे, तो काय आपोआप पलंगावरून खुर्चीत येणार? म्हणाले, बाई ठेवा. ठेवते ना, पैसे द्या. या तीस सेनांत हिशेब केलाय मी, दीड वर्ष बाई ठेवता येईल. आणि हे सगळे पुढचे बघ, कसे ओरडतायत, एक चाळीस पाहिजे, एक चाळीस — सगळ्यांनी तीच एक ओळ वाचलीय. यांनी हाणून पाडलं तर? मग तीसही नाहीत? बाजारात कोणी घेणारच नाही म्हणतेस? तूच सांग, मी त्या माणसाच्या सहीवर, त्याच्या मनाविरुद्ध — तो झोपेतही ती ओळ पुटपुटतो गं.

आली ती. पेन दे. माझा चालत नाहीये, शाई संपलीय. ही माझी — हो. आणि ही त्याची.

ही त्याची.

हो. त्याच्यावरही हो. टाकली. गेली बाई पेटीत, आता काही — थांब, फोन. तोच आहे. शू.

अहो, हं, बोला. नाही, जेवले नाही अजून. झालं, आत्ताच टाकल्या. दोन्हीवर नाहीच लिहिलं, दुसरं काय लिहिणार? … हो, पैसे आहेत, सगळे आहेत, जागच्या जागी आहेत, अध्यक्षांनीच सांगितलं सगळ्यांसमोर. … एक चाळीस नाही हो, पंचेचाळीस. या वर्षी वाढलेत. … हो, लाभांशही देणार म्हणाले, या वर्षीही देणार. … नाही, नाही, तुम्ही एकटे उठू नका. पडाल. मी आल्यावर उचलते. ठेवू?

…

काय बघतेस? पेन घे तुझा. जा, जेवणाचं दार उघडलंय, बघ कसे धावतायत सगळे, शेवटी गेलं की काही उरत नाही. माझं काय, मी बसते. जा म्हटलं ना.