थोरलीचा चेहरा

—नाही गं, भांडून नाही गेली. कोण म्हणालं तुला भांडून गेली? ड्रायव्हर म्हणाला असेल. त्याला जिथे तिथे भांडणच दिसतं. हनुवटी वर कर. अजून थोडी. हां, अशीच राहा — आणि आता बोलू नकोस, ओठाभोवतीचं करतेय, बोललीस की रेघ वाकडी जाते. नुसतं ऐक. तसंही या खुर्चीत बसलं की ऐकावंच लागतं माणसाला, जाणार कुठे, अर्धं तोंड जिवंत नि अर्धं मेलेलं घेऊन? मला मावशी म्हण. मॅडमबिडम नको, सगळे मावशीच म्हणतात.

तर थोरली. तिचं खरं नाव इथे कुणी घेतलंच नाही कधी, चहा आणणाऱ्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे थोरलीच म्हणायचे. तू पहिली पर्वं बघितलीस ना? — मान हलवू नकोस, डोळे मिट नुसते, मिटलेस म्हणजे हो. बरं. म्हणजे तुला माहितीय, थोरली पहिल्याच भागात मरते आणि घर सोडून जात नाही, धाकट्या बहिणीसाठी. पण भूत कसलं ते, घरातलं माणूसच. दूध उतू जायला आलं की गॅस बंद करणार, धाकटी परीक्षेच्या दिवशी झोपून राहिली की पांघरूण ओढणार, तिला फसवायला कुणी लबाड मुलगा आला की त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवणार. लोक हसायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे. माझी शेजारीण तर मुद्दाम गॅसवर दूध ठेवून बाजारात गेली होती, म्हणे बघू येतं का कुणी. कुणी नाही आलं. भांडं जळलं, भिंत काळी झाली, नवरा आठवडाभर बोलला नाही. इतकं वेड होतं बघ. आणि मेकअप तरी काय होता तेव्हा — पांढऱ्या रंगाचा एक हात, डोळ्यांखाली जराशी राखाडी सावली, ओठांचा रंग काढून टाकायचा, संपलं. लेखकानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मावशी, ती मेलेली दिसली पाहिजे, आजारी नाही. तेव्हा तुझ्यासारखं नव्हतं — या काळ्या शिरा काढ, ती भेग काढ, त्या भेगेत लाल भर. खाजवू नकोस हं ते, सुकू दे.

तिची आई म्हणजे — मालिकेतली नव्हे, खरी आई. विसरायला लागली होती. आधी रस्ता विसरली, मग शेजारी विसरली, आणि एक दिवस सकाळी चहा घेऊन आलेल्या आपल्या मुलीला म्हणाली, तुम्ही कुणाकडे आलात? थोरलीनं हे मला याच खुर्चीत सांगितलं, हसत हसत. ती आधी हसायची, बाकीचं नंतर, घरी गेल्यावर. पण गंमत ऐक. संध्याकाळी मालिका लागली की हीच आई सांभाळणाऱ्या बाईला म्हणायची, ही बघा माझी मुलगी, बघा किती वाळलीय, नीट जेवत नाही. म्हणजे मुलगी टीव्हीत, आणि समोर ताट घेऊन उभी असलेली ती कोण? तर बाई. ठेवा बाई तिथे, जेवते मी. काय करणार तू अशा वेळी? मी तर ताट आपटलं असतं. ती नाही आपटायची. ठेवायची आणि बाजूला बसायची, स्वतःलाच टीव्हीत बघत.

मग एकदा शूटिंग लांबलं आणि ती मेकअप न उतरवता तशीच घरी गेली. दार उघडलं, आईनं बघितलं, आणि म्हणाली, आलीस? जेवलीस का? — एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कापूस घेऊन उभी राहिले तर तिनं माझा हात धरला. "मावशी, आज उतरवू नका." आज म्हणाली, पण मग रोजच. मी बडबडले, कातडीचं वाटोळं होईल तुझ्या, रात्रंदिवस हे थापून. तिनं ऐकलं नाही. तिच्या इमारतीचा वॉचमन भुताला सलाम ठोकायला शिकला. एक गृहस्थ तिला लिफ्टमध्ये बघून भलत्याच मजल्यावर उतरले आणि जिन्यानं वर गेले म्हणे. मी विचारलं होतं तिला, आईला कळतं का गं, की मालिकेतली तू मेलेली आहेस? म्हणाली, कळत असेलही, पण तिला त्याचं काही वाटत नाही, मेली तर मेली, घरी येते ना.

डोळा वर. छताकडे बघ. — हां, आता चौथं पर्व.

चॅनेलवर नवीन माणूस आला. चांगला आहे हं, उगाच कशाला वाईट बोलू, तरुण आहे, आला की माझ्यासाठी कॉफी आणतो. पण त्याला सगळं गडद हवं. भिंती गडद केल्या, पडदे गडद केले, दिवे तर इतके काढले की कॅमेरामन स्वतःच पायरी चुकून पडला नि दोन दिवस लंगडत होता. आणि थोरलीही गडद. म्हणजे काय, तर इतकी वर्षं मध्येच अडकून तिचं मन नासलंय, आता तिला धाकटी आपल्याकडे, तिकडच्या बाजूला हवीय. दूध उतू जाऊ द्यायची. गच्चीवर बोलवायची. डोळ्यांत पूर्ण काळ्या लेन्स, पांढरं काही उरतच नाही — तुझ्यासारख्याच, त्याच पेटीतल्या, पण तुझी जोडी नवी आहे, घाबरू नकोस. थोरली लेखकाकडे गेली. तो बिचारा स्वतःच तोंड पाडून बसलेला. मग त्या चॅनेलच्या मुलाकडे गेली, तो नम्रपणे म्हणाला, ताई, प्रेम लोक जेवताना बघतात, भीती बघताना जेवायचं विसरतात. बोलायला हुशार आहे. मी तिला म्हटलं, आईचं सांग ना त्यांना. तर म्हणाली, आईला मध्ये घालून काही मागायचं नाही मला. आणि कामाची गरज होतीच, आईला सांभाळणारी बाई काय हवेवर राहते? तेव्हा तिनं काम घेतलं. घरी बाईला बजावलं, जुने भागच लावायचे, नवे नाही. आणि मी दिवसाअखेर ते सगळं काळं उतरवायची आणि त्यावर पुन्हा पहिल्या पर्वाचा जुना मेकअप करायची, घरी जायला. दोन दोन मेकअप. जाताना मला म्हणायची, मावशी, कामावरचं भूत काढा, घरचं घाला.

पण जाहिरात कुठे लागेल, कुणाला थांबवता येतं? दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू, आई बघतेय, बाई कपडे वाळत घालतेय, आणि मध्येच नव्या पर्वाची झलक. थोरलीचा चेहरा, एवढा मोठा, डोळे काळे, आणि धाकटीच्या गळ्यावर हात. संध्याकाळी ही घरी गेली, तोच जुना मेकअप करून. आईनं बघितलं आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. ही बाहेर. आतून आई विचारतेय, माझ्या मुलीचं काय केलंस? माझी मुलगी कुठाय? हिनं सगळं सांगून बघितलं, आई, मीच आहे, खोटं आहे ते, रंग आहे नुसता. जसजशी बोलेल तसतशी आई जास्त घाबरे. तासभर असं चाललं. शेवटी ही उठली, स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांच्या साबणानं तोंड धुतलं, खसाखसा, आणि दाराशी येऊन परक्यासारखी म्हणाली, "आजी, मी बाई आहे. ती गेली, मी हाकललं तिला. उघडा आता." आईनं उघडलं. तिचा हात धरून म्हणाली, बरं झालं तुम्ही होतात.

— थांब, पावडर सांडली. डबीच गुळगुळीत आहे.

दुसऱ्या दिवशी गच्चीचा प्रसंग होता. थोरलीनं धाकटीला ढकलायचं. खाली गाद्या, वर वारा सोडणारा पंखा, सगळं तयार. चॅनेलचा मुलगाही आलेला. पहिला टेक — ती चालत गेली, हात वर उचलले, आणि धाकटीची वळलेली कॉलर सरळ केली. कट. दुसरा टेक — धाकटीचा हात धरून तिला कठड्यापासून मागे आणलं. कट. तिसऱ्या वेळी गेली आणि खालीच बसली, आणि ती धाकटीही, शहाणी पोर, काही न विचारता तिच्याशेजारी बसली. दिग्दर्शक जवळ गेले. ती म्हणाली, "सर, मला नाही जमत. मेलेलीच आहे मी, अजून एकदा मारा आणि जाऊ द्या." पंखा बंद करायचं भान नव्हतं कुणाला, माझे सगळे पफ उडाले खाली रस्त्यावर. मग कागदपत्रं झाली, बोलणी झाली, चॅनेलच्या मुलानं बऱ्यापैकी समजून घेतलं खरं तर. एका भागात थोरलीला उजेडात पाठवून दिलं, आणि गडद कुणीतरी हवंच होतं, म्हणून तू आलीस. आता तू पुढे धाकटीला धरून ठेवणार, आणि मग दिवा फुटून तूच जळणार तेव्हा — काय? सांगितलं नाही तुला? अगं बाई. मी काही बोलले नाही हं. बदलतात ते, लिहून झाल्यावरही बदलतात. मान हलवू नकोस म्हटलं ना.

हां, तिच्या आईचं राहिलं. काम सुटलं, पण आईचा प्रश्न काही सुटला नाही. रंग लावला तर ती चेटकीण, नाही लावला तर बाई. मुलगी कुठेच नाही. टीव्हीवर जुने भाग लावले तर आई खुर्ची फिरवून बसे. मग थोरलीनं मला फोन केला, मावशी, पेटी घेऊन या, तिच्यासमोर करा, तिला बघू दे की नुसता रंग आहे. मी गेले. आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. मी थोरलीला खिडकीशी बसवलं आणि स्पंजनं पांढरं लावायला लागले. आई बघत होती. घाबरली नाही. आधी भुवया जवळ आल्या, मग मटार बाजूला सारले, मग उठली — चिडून उठली, अगदी तरातरा — माझ्या हातातला ओला कापूस ओढून घेतला, लेकीची हनुवटी पकडली, ही अशी, मी तुझी धरलीय ना तशीच, आणि पुसायलाच लागली. "काय हे? कुठे लोळून आलीस? शाळेतून सरळ घरी यायचं म्हणून सांगितलंय ना?" नाक पुसलं, कानामागे पुसलं, मी जिथे काही लावलंच नव्हतं तिथेही पुसलं. एवढी मोठी बाई, केसांत पांढरं आलेली, डोळे घट्ट मिटून बसली होती आणि तोंड इकडे तिकडे करत होती, लहान पोरं करतात तसं. सगळं पुसून झाल्यावर आईनं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, हां, आता दिसतेय. कोण दिसली, ते मी विचारलं नाही. थोरलीनंही नाही.

आता ती घरूनच आवाजाचं काम करते, मुलांच्या गोष्टी वाचते, त्यातही भुताच्या आल्या की जास्त पैसे मागते म्हणे. आणि रोज संध्याकाळी तोंडाला काहीतरी फासते — पीठ, पावडर, एकदा जाम लावला होता, मुंग्या झाल्या. आणि आईसमोर जाऊन बसते. काही दिवस आई पुसते आणि रागावते. काही दिवस नुसतं म्हणते, बाई, तोंड धुऊन या आधी. चालायचंच. जे मिळतं ते मिळतं.

मी जाते ना त्यांच्याकडे, रविवारी. नाही, माझं तिथे काही काम नाही आता, पेटीही नेत नाही. मटार नेते. सोलायला लागतात तिच्या आईला. बसते जराशी. मागे एकदा इथून सरळ गेले तर तुझ्यासाठी हे काळं मिसळून बघितलं होतं, ते राहिलं होतं मला, आईनं बघितलं आणि माझीही हनुवटी धरली. रागावली मला. केवढा वेळ पुसत होती. — अख्खा जन्म मी लोकांच्या तोंडाला हात लावतेय बघ, पण माझ्या तोंडाला कुणी — माझी आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. मला आठवतच नव्हतं की त्यात थोडं दुखतंही. कापूस असला तरी. घासतात ना.

आणि खरं सांगू? डाग हातावर होता. गालावर मी लावला. जिन्यात उभी राहून, वर जायच्या आधी.

—

कोण? आले, आले, झालं तिचं. ऊठ बाळा. आरशात काय बघतेस एवढं, चांगली भयानक दिसतेयस. डोळ्यांना हात लावू नकोस. जा, दिवे लावलेत, बोलावतायत तुला.