सीताराम, मोटर बंद कर

…आणि वर पुन्हा लिहितो काय, तर 'कॉम्प्युटर बंद करू नका'! अरे बाबा, आम्ही कुठं बंद करतोय? तूच बंद पडतोयस! रोज पस्तीस टक्क्यांपर्यंत यायचं, तिथं जिना चढून आल्यासारखं थांबायचं, मग पडदा काळा, मग आपोआप चालू, मग 'अपडेट झाला नाही, बदल मागे घेत आहोत', आणि मग… मग जे व्हायचं ना, तुम्हाला सांगतो, अख्ख्या वाडीच्या अंगावर काटा! आमची वाडी ठाकूरद्वारची, भुताखेताला भीक घालणारी माणसं नाहीत आम्ही, पण काटा म्हणजे काटा. आणि सगळ्यात मोठा काटा तिसऱ्या मजल्यावरच्या सीतारामच्या अंगावर. का, ते त्याला एकट्याला ठाऊक. म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

पण थांबा, असं मधूनच सांगून नाही चालायचं, रघुवीरकाकांपासून घेतो.

रघुवीरकाका म्हणजे आमचे सेक्रेटरी, बावीस वर्षं. वाडीला पालिकेचं पाणी येतं दुपारी सव्वाचारला, तास-सव्वा तास, की संपलं. त्या वेळेला काका चौकात उभे राहून ओरडणार, "पाणी आलेलं आहेऽऽ!" आता पाणी आलेलं कळायला घरात नळ नाही का? आहे ना! पण काका ओरडल्याशिवाय पाणी आलं असं आमच्याकडे कुणी धरतच नसे. पुढं त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद. काका कसले ऐकतायत! जिन्याखालच्या ऑफिसात एक जुना लॅपटॉप आणून ठेवला, चौकात भोंगा टांगला आणि एका दुपारी, नेमकं पाण्याच्याच वेळेला, आवाज भरून टाकला. लॅपटॉप चालू झाला की आवाज आपोआप सुरू, अशी सोय. शिवाय तो चालू असताना लाईट जाऊन आली तर लॅपटॉपनं स्वतःहून पुन्हा चालू व्हायचं, हीसुद्धा सोय. "पाणी आलेलं आहे… पाणी आलेलं आहे… नळ सोडून गप्पा मारायला जाऊ नये… वरच्यांनी खालच्यांचा विचार करावा…" आणि भरता भरता काका थांबले. कारण वरून आवाज आला, घर्रर्रर्र! झालं, काका खोकले आणि त्याच दमात म्हणाले, "सीताराम, मोटर बंद कर रे. मला ऐकू येतंय."

आता हे वाक्य पुसायचं कसं ते काकांना येईना, आणि ते पुसावं असं वाडीत कुणाला वाटेना.

तर हा सीताराम. गोदीतल्या ऑफिसातून रिटायर झालेला, स्वभावानं गरीब, पण मोरीत, उलट्या बादलीखाली, वर गोधडी घालून, पाणी ओढायची मोटर! नळाच्या पाइपला जोडलेली. आणि वायर कुठून? जिन्याच्या दिव्याच्या लाईनवरून! कुणी विचारलं तर म्हणे, "कसली मोटर? फ्रिजचा आवाज तो!" फ्रिज सव्वाचारलाच कसा हो घुरघुरतो? मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे त्याच्या बरोबर खाली, माझ्या नळाला करंगळीएवढी धार. एवढीश्शी! पण त्याचंही खरं होतं, खोटं कशाला बोलू, तिसऱ्या मजल्यावर पाणी मुळात चढायचं नाही, त्याच्या बायकोचे, चंपावहिनींचे, दोन्ही गुडघे गेलेले, खालून बादल्या आणणार कोण? त्यानं आणल्या असत्या की, हातपाय धड होते! पण मोटर असताना कोण आणतो? काकांचं वाक्य रोज भोंग्यावर वाजायचं, वाडी हसायची, सीतारामही हसायचा. म्हणायचा, "म्हाताऱ्याला ऐकू येतंय ना? ऐकू दे!" तीन वर्षं हे असं चाललं.

आणि गेल्या वर्षी गणपती गेले आणि त्या पाठोपाठ काका गेले.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सव्वाचारला त्यांच्या बायको, नलूकाकू, खाली आल्या, ऑफिस उघडलं, स्टुलावर बसल्या आणि बटण दाबलं. "पाणी आलेलं आहे…" बायका बादल्या तशाच धरून उभ्या. माझ्या हातात टमरेल, ते भरून वाहतंय, मला पत्ता नाही. "…सीताराम, मोटर बंद कर रे. मला ऐकू येतंय." त्या दिवशी कुणी हसलं नाही. सीतारामही नाही. काकूंनी डोळे पुसले, लॅपटॉप बंद केला, कुलूप लावलं आणि वर गेल्या. मग हे रोजचंच झालं. आवाज झाला की काकू लॅपटॉप बंद करायच्या, सीताराम पाच-दहा मिनिटं दम धरायचा आणि मग गोधडीखाली हात घालून मोटर लावायचा. एकदा वाक्य झालं की दिवसाची कटकट संपली, असा त्याचा हिशोब!

आणि मग आला हा अपडेट. काकू बंद करायला गेल्या तर लॅपटॉप म्हणतो, 'अपडेट करून बंद करा.' काकूंनी दाबलं. गोल गोल फिरायला लागलं, दहा टक्के, वीस टक्के, 'कॉम्प्युटर बंद करू नका.' काकू आज्ञाधारक, बसून राहिल्या. पस्तीस टक्के… आणि पडदा काळा! मग आपोआप चालू, मग ते बदल मागे घेणं, आणि मग, पाणी अर्धं भरून झालेलं असताना, भोंगा पुन्हा बोलला! "पाणी आलेलं आहे…" अहो, आलंय की केव्हाचं! मी खिडकीतून डोकावलो, समोरच्या बायका डोकावल्या, सगळे एकमेकांकडे बघतायत. "…सीताराम, मोटर बंद कर रे. मला ऐकू येतंय."

आणि वर मोरीत, चालू मोटरसमोर, सीताराम!

हे त्यानं मला मागाहून सांगितलं, चहा पिताना. सोमवारी त्यानं चार पंचविसाला मोटर लावली, थोड्या वेळानं आवाज. मंगळवारी म्हटलं, जरा उशीर करू, पावणेपाचला लावली, पाच वाजता आवाज! बुधवारी नुसती लावून लगेच बंद केली, दोन मिनिटं, तरी आवाज! गुरुवारी आणखी एक गोधडी घातली. अरे, गेलेल्या माणसापुढं गोधडीचं काय चालणार? तरी आवाज! चंपावहिनींनी नारळ फोडला, मोटरला हळदकुंकू वाहिलं, आवाज! "नुसतं बोलले असते तर सहन केलं असतं रे," मला म्हणाला, "जिवंतपणी रोज बोलायचेच. पण आता ते मी बटण दाबल्यावर बोलतात. आधी नाही, नंतर! म्हणजे त्यांना खरंच ऐकू येतंय." हे बोलताना त्यानं आजूबाजूला बघितलं. भरदुपारी. मी हसणार होतो, पण तुम्हाला खरं सांगतो, मीही आजूबाजूला बघितलं.

त्यात सेक्रेटरी आता हाच! काका गेल्यावर मीटिंगला हा उशिरा पोचला, तोवर आम्ही याला एकमतानं निवडून मोकळे. मग यानं सेक्रेटरीपणा काढला. "लॅपटॉप खराब झालाय, भंगारात देऊ, त्या जागी बझर लावू. सव्वाचारला टर्रर्र वाजेल, विषय संपला." काकू समोरच बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबशील का रे सीताराम? एकदा कुणाला तरी दाखव. नाहीच झालं तर लाव तुझा बझर." आता याला नाही कसं म्हणणार?

म्हणून धम्मपालला बोलावलं. धम्मपाल परळचा, बँकेत कॉम्प्युटरचा साहेब आहे, त्याचे वडील आणि सीताराम गोदीत शेजारी शेजारी बसायचे. साडेतीनला आला, चहा नको म्हणाला, मग प्यायला. आधी त्यानं आवाजाची फाईल काढून काकूंच्या मोबाईलवर घातली, म्हणाला, "काकू, आता काळजी नको, मशीन मेलं तरी काका इथं आहेत." काकूंनी फोन कानाला लावला. अख्खं ऐकलं. फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आवाज यांचाच आहे रे बाळा. पण यानं पाणी कुठं येतंय?"

आता द्या उत्तर! आहे उत्तर? सीताराम दाराला टेकून खाली फरशी बघतोय.

धम्मपालनं लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, बॅटरी बघितली. ती काकांच्याही आधी गेलेली! म्हणजे सगळं नुसत्या प्लगवर. मग काळ्या पडद्यावर काहीतरी बारीक बारीक वाचत बसला आणि म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही ओ. अपडेटपण ठीक आहे. रोज अर्ध्यावर करंट तुटतोय, बस. ही लाईन कसली?"

मी म्हटलं, "जिन्याच्या दिव्यांची."

"मग ह्या लाईनवर पाण्याच्या टायमाला काहीतरी जड लागतंय. लागलं की करंट पडतो, मशीन मरतं, परत उठतं, आणि उठलं की काकांचा आवाज वाजतो. आज ते जे काय आहे ते लागलं नाही, तर शंभर टक्के होणार. लागलं, तर मग बझरच लावा. मी तरी काय करू?"

कळलं का तुम्हाला? रोज भोंग्यावरून, वेळच्या वेळी, नावानिशी, दुरुस्ती सांगत होते काका! आम्ही बसलोय अपडेटला शिव्या देत! सगळे जिन्यातल्या दिव्याकडे बघायला लागले. सीतारामकडे कुणी बघितलं नाही. तेच वाईट. बघितलं असतं तर त्याला 'कसली मोटर' तरी म्हणता आलं असतं.

सव्वाचार. काकूंनी बटण दाबलं, काका बोलले, पाणी आलं, काकूंनी धम्मपालनं दाखवलेलं 'अपडेट करून पुन्हा चालू करा' दाबलं. सीताराम कधी वर गेला कळलंच नाही. वर चंपावहिनी, "अहो लावा ना! पाणी जाईल ना!" हा गोधडीवर हात ठेवून उभा. एक बटण, बस! दाबलं की भूत गेलं, मोटर राहिली, उद्यापासून टर्रर्र. मला नंतर म्हणाला, "खूप मोह झाला रे. घाबरून घाबरून जीव नकोसा झाला होता. पण डोळ्यापुढं सारखं काकूंच्या मांडीवरचा तो फोन."

खाली आम्ही दिव्याकडे बघतोय. तीस टक्के. दिवा जळतोय. चौतीस. पस्तीस! काकूंनी देवाचं नाव घ्यायचं सोडून 'सीताराम, सीताराम' सुरू केलं, आता हा जप देवाचा की तिसऱ्या मजल्याचा, मी विचारलं नाही. छत्तीस. सदतीस! आणि जिन्यावर खडखडाट, बघतो तर सीताराम, दोन्ही हातांत बादल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खाली येतोय. कुणाकडे न बघता चौकातल्या नळावर गेला. भरल्या, वर गेला. पुन्हा आला. सहा खेपा! बासष्टाव्या वर्षी! आणि माझ्या घरून बायको ओरडतेय, "अहो, ऐकलंत का, आपल्या नळाला मनगटाएवढी धार!"

सातव्या खेपेला तो ऑफिसच्या दारात, आणि शंभर टक्के. पडदा काळा झाला. मग उजळला, निळा, नवाकोरा, आणि भोंगा बोलला. पाणी आलेलं आहे, नळ सोडून जाऊ नये, वरच्यांनी खालच्यांचा विचार करावा, मग तो खोकला… "सीताराम, मोटर बंद कर रे. मला ऐकू येतंय."

आणि हा, दोन भरल्या बादल्या हातात, घामानं निथळतोय, भोंग्याकडे तोंड करून ओरडला, "बंद आहे हो काकाऽ! बंदच आहे!"

सगळ्या वाडीसमोर! म्हणजे आजवर होती, हे कबूलच की! मग बादल्या खाली ठेवून तिथंच जिन्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

धम्मपाल चांगला माणूस, हळूच म्हणाला, "सीतारामकाका, तेवढं एक वाक्य कापून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे." सीताराम मान हलवून हो म्हणणार, तेवढ्यात नलूकाकू उठल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे रे. वर्ष होत आलं, हे रोज बोलतायत. आज पहिल्यांदा कुणी त्यांना उत्तर दिलं."

झालं! आता कोण कापणार? मोटर गेली भंगारात, सीतारामच्या बादल्या सुरू झाल्या, भूतबीत सगळं निवळलं, माझी धार मनगटाएवढी. पण त्या दिवसापासून काकू लॅपटॉप बंदच करत नाहीत, उत्तर आल्याशिवाय. स्टुलावर बसून वर बघत राहतात. वाडी वाट बघते. तिसऱ्या मजल्यावरून "बंद आहे हो काका" आलं, की मग काकूंचं कुलूप.

परवा सीताराम माहीमला बहिणीकडे जेवायला गेला होता. जेवण उशिरा, हा श्रीखंड-पुरीवर, आणि सव्वाचारला चंपावहिनींचा फोन. "अहो, काका विचारतायत. फोन स्पीकरवर टाकून खिडकीबाहेर धरलाय. बोला."

बहीण बघतेय, मेहुणा बघतोय, तोंडात पुरी. सीताराम उठून उभा राहिला, घास गिळला आणि म्हणाला, "बंद आहे हो काका… इकडे तर नळसुद्धा माझा नाही."