चौपन्न पायऱ्यांवरची वकीलबाई

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई! बोल ना. थांब, थांब हं, हळू बोलते. ढब्बू आत्ता कुठे डोळे मिटतेय…”

ढब्बू म्हणजे तिची सात महिन्यांची लेक. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून तिने लेकीला मांडीवर आडवं घेतलं आणि खोलीचं दार पायाच्या अंगठ्याने अर्धवट लोटलं. पलीकडे आईचं शिलाई मशीन चालू होतं. खडखड, खडखड, मग थांबणं, मग पुन्हा खडखड. ढब्बूला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे.

“हं, बोल आता… काय? वकील?… आज एकदम वकिलाची चौकशी कशी काय?… अस्सं. घर घेणाऱ्या माणसाच्या वकिलाचं पत्र तुलाही आलं? हो, मला गेल्या आठवड्यातच आलं. ‘घराचा व्यवहार पुरा करण्याआधी दोन्ही मुलींच्या सह्या नव्याने लागतील.’… हो ना! मीपण दोनदा वाचलं… तू करूनही टाकलीस सही?… अगं, विचारायचं तरी. एक फोन करायचास… नाही, रागावत नाहीये. रागावत नाहीये म्हटलं ना!”

ती रागावली होती. पण ताईवर रागावणं म्हणजे उशीवर बुक्की मारण्यासारखं. हाताला लागत नाही आणि उशीलाही काही होत नाही. ताई मुळातच मऊ. अकरा वर्षांपूर्वीही अशीच निमूट सही करून मोकळी झाली होती.

घर बाबांचं आणि काकांचं, दोघांचं मिळून होतं. बाबा गेले आणि महिन्याभरात काकांनी एक कागद पुढे केला. आईची सही, ताईची सही आणि शेवटी हिची. अर्धं घर आम्ही राजीखुशीने सोडतो, असं त्यात लिहिलं होतं. राजीही कुणी नव्हतं आणि खुशी तर त्या घरातून कधीच उठून गेली होती. आता काका ते घर विकायला निघाले होते.

“तुझा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय गं?… भाजी निवडतेयस? फोन टेबलावर ठेवलायस?… बरं बरं… हो, ऐकतेय… कोणाचा वकील?… काकांचा? काय म्हणालीस, पुन्हा म्हण… ‘घरचाच वकील आहे, दोघांचंही काम एकदमच करून टाकेल.’ वा! किती सोपं! म्हणजे आपली मान आणि त्यांची सुरी एकाच माणसाच्या हातात द्यायची… अगं, मी कशाला चिडू? मला हसू येतंय… नाही, मी माझा वकील बघितलाय. बघितलाय म्हणजे तीन बघितले. लेकीला कडेवर घेऊन सगळा गाव पालथा घातला.”

मांडीवरचं गाठोडं चुळबुळलं. तिने गुडघा हलवायला सुरुवात केली.

“ऐक ना. पहिला बँकेच्या बाजूचा. गोड बोलतो. इतका गोड की ढब्बूच्या तोंडाला पाणी सुटलं. कागद उलटसुलट करून म्हणतो, ‘सही तुमचीच ना? तुम्ही अठरा पूर्ण होता ना? मग आता काय उरलं? नवीन सहीही करून टाका, गोडीगुलाबीने राहा.’… हो, शाळेचा दाखला बघून म्हणाला. दुसरा त्या काचेच्या इमारतीतला. खोलीत मोठ्ठी माशांची टाकी. तो माझ्याकडे कमी आणि माशांकडे जास्त बघत होता. त्यानेही तेच सांगितलं. वर म्हणतो, ‘बाळ काच चाटतंय, जरा बघा.’… हसू नको! खरंच चाटत होती.”

“…काका बिचारे? ताई, बिचारे कोण? … रडले तुझ्यापुढे?… बरं. आणि आईला उन्हात तासभर पायरीवर उभं केलं, तेव्हा कोण रडलं होतं गं? आठवतंय का? तुझं लग्न ठरलं होतं, तू मावशीकडे होतीस. मी होते तिथे. आम्ही भाड्याच्या खोलीत आलो आणि आई आपलं मशीन मागायला गेली. स्वतःचं मशीन! यांनी जाळीचं दार उघडलं नाही. आतून म्हणतात, ‘जेवतोय, थांबा.’ एक तास जेवत होते. मग मशीन बाहेर ढकललं. त्याचा खण नाहीच. आईने विचारलं, तर म्हणाले, ‘देऊ नंतर पाठवून.’… हो, ते ‘नंतर’ अजून यायचंय!”

मशीनच्या उजव्या बाजूला, जिथे खण बसायचा, तिथे अकरा वर्षं चौकोनी भोक होतं. आईने त्यावर फुलाफुलांच्या कापडाचा छोटा पडदा लावला होता. बॉबिन, टेप, सुया सगळं एका पत्र्याच्या डब्यात. खणात बाबांच्या सदऱ्यांची जपून ठेवलेली बटणंही होती. ती गेली ती गेलीच. ढब्बू रांगायला लागल्यापासून त्या पडद्यामागे हात घालून काहीतरी शोधायची. आई म्हणायची, आजोबांची बटणं शोधतेय. हसत म्हणायची. आई असलं सगळं हसतच म्हणायची, आणि तेच हिला सोसवत नसे.

“नाही गं, खणासाठी नाही. खणासाठी कोण भांडतं!… बरं, खणासाठीच समज. समज ना!… तू सोड तो विषय. तिसऱ्या वकिलाचं सांगते, ऐक—”

तेवढ्यात फोनमधून टोले पडले. लांबून, पण स्वच्छ. तिने लहानपणच्या सवयीने मोजले. एक, दोन, तीन, चार… पाच.

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. चार वाजले होते.

चारला पाच टोले देणारं घड्याळ तिच्या माहितीत एकच होतं. बाबांचं. बाबांनी ते कधी दुरुस्त करू दिलं नाही. “एक टोला फुकट मिळतोय, घ्या की,” म्हणायचे. ते घड्याळ ताईच्या घरी नव्हतं. ते काकांच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर लटकत होतं.

म्हणजे ताई भाजी निवडत नव्हती. ताई सोफ्यावर बसली होती, फोन मध्ये टेबलावर उताणा पडला होता, आणि त्याच्यावर वाकून आणखी कुणीतरी ऐकत होतं.

तिला वाटलं, ओरडावं, फोन आपटावा… पण मांडीवर लेक झोपली होती. झोपलेलं मूल मांडीवर असलं की माणसाला ओरडता येत नाही. सगळा राग बारीक दळून, चाळून काढावा लागतो. तिने ढब्बूच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले आणि आवाजात साखर कालवली.

“…आहे, आहे, लाईनवरच आहे. लेक हलली जरा. काय म्हणत होते मी? हां, तिसरा वकील. वकील नाही, वकीलबाई. कुलूपवाल्याचं दुकान माहितीय ना, त्याच्यावर. तिसरा मजला. लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या, मी मोजल्या. आणि पायऱ्या अशा उंच, जसा काही जिराफांसाठी बांधलाय जिना. वर गेलं की एकच बाक. त्याचा एक पाय आखूड. बसलं की डुगडुगतं. दीड तास बसवलं मला!… अगं, वाईट काय? मला तर भलतंच आवडलं. तिथेच ठरवलं, वकील हवी तर हीच.”

“…नाही, वेड नाही लागलं. ऐक तर खरी. त्यांचा नियमच आहे. सही ज्याची, तो माणूस स्वतः वर यायला हवा. त्या खाली उतरत नाहीत, कागद घरी पाठवत नाहीत, मुलाला-जावयाला उभं करत नाहीत. म्हणतात, ‘जिना चढताना माणूस विचार करतो, आपण काय लिहून द्यायला चाललोय.’… हो ना. आता काकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय नाही का? … मला कसं माहीत? सगळ्या गावाला माहितीय. म्हणून तर इतकं आवडलं!”

पलीकडे कुणीतरी खोकलं. ताईचा खोकला असा जाड कधीच नव्हता.

“सर्दी झालीय का तुला?… बरं. तर खरी गंमत पुढेच आहे. वकीलबाईंनी शाळेचा दाखला हातात घेतला नाही. बाजूला सारला. मला म्हणाल्या, ‘शाळेत जन्मतारीख घरचे सांगतात. तुझा जन्म कुठे झाला?’ म्हटलं, सरकारी दवाखान्यात. ‘मग तिथलं रजिस्टर बघ.’ गेले. काल दिवसभर लाकडी बाकावर बसून, ढब्बूला तिथेच खाऊ घालून, ते पान काढलं. ताई, मी सही केली त्या दिवशी मी सतरा वर्षं दोन महिन्यांची होते… हो. सतरा! … शाळेत वर्षभर वाढवून कुणी सांगितलं म्हणतेस? आठव ना. बाबांना रजा नव्हती. आपल्या दोघींचं बोट धरून मला शाळेत घालायला कोण घेऊन गेलं होतं?”

ती थांबली. मुद्दामच थांबली. फोनमधून घड्याळाची टिकटिक येत होती.

“काका घेऊन गेले होते. मी तुझ्याबरोबर जायचं म्हणून रडत होते, आणि शाळा मला घेईना. तेव्हा काकांनी दडपून एक वर्ष वाढवून सांगितलं. घरी येऊन किती हसले होते! ‘पोरीला वर्षभर मोठी करून आणली!’ मग स्वतःच विसरले. आपणच मारलेली थाप आपणच खरी मानली, आणि सतरा वर्षांच्या पोरीची सही घेऊन निवांत बसले. अकरा वर्षं!… मग काय होणार म्हणजे? ती सही म्हणजे नुसती शाई. माझ्या वाट्याचं सुटलेलंच नाही. आणि एकीचं सुटलं नाही म्हटल्यावर वकीलबाई म्हणतात, आईच्या कागदालाही हात घालता येईल, तुझ्याही… पत्र? पत्र आज सकाळीच गेलं, घेणाऱ्याच्या वकिलाकडे. पोहोचल्याची सहीसुद्धा आली. आता माझ्याशिवाय त्या घराची एक वीट इकडची तिकडे होत नाही.”

“…ताई? रडतेयस? रडू नको. तुला मी काही बोलणार नाही… आज नाही बोलणार. फक्त एक कर. फोन थोडा उजवीकडे सरकव.”

“…सरकवला? काका, आवाज नीट येतोय ना? की आणखी वाकायला लागतंय?”

दाराच्या फटीतून मशीनची खडखड येत होती. ढब्बूने झोपेतच तोंड चोखल्यासारखं केलं. फोनमध्ये तोच जाड खोकला पुन्हा आला, आता अगदी जवळून.

“…हो, मीच. छोटीच. तुम्हीच मोठी केली होती ना, एक वर्षाने?… नाही काका, भांडण कशाला? मी कुठे भांडतेय? सोमवारी अकरा वाजता यायचं. कुलूपवाल्याच्या दुकानावर… गुडघे, हो. कठडा आहे जिन्याला, डाव्या हाताला. एकेक पायरी चढा, घाई नाही. आम्ही थांबू. आईला चांगला सराव आहे थांबायचा… काकूंना पाठवून नाही चालणार. तुम्हीच… आणि येताना खण आणायचा… कुठला काय? मशीनचा… टाकून दिला असेल?… असेल म्हणजे? आठवत नाही?… ताई, तू काय म्हणतेयस? मोठ्याने बोल… चपलांच्या कपाटाखाली? समोर दिसतोय? … काय भरलंय त्यात?… खिळे. बघा! बाबांच्या सदऱ्यांची बटणं टाकली आणि खिळे भरले.”

तिचा आवाज एवढा वेळ चढला नव्हता. आता चढायला आला, तेव्हा तिने तो लेकीच्या केसांत नाक खुपसून परतवला.

“ताई, नको. तू उचलू नकोस… ठेव. ठेव म्हणते ना खाली! तुला कळत कसं नाही? अकरा वर्षं त्यांनी ठेवून घेतला, चौपन्न पायऱ्या त्यांनीच वर आणायचा. स्वतःच्या हाताने… हो काका, पिशवीत चालेल… खिळे काढून. आणि पुसून… मग सही करीन असं म्हटलं का मी? मग बोलायला बसेन, एवढंच. काय द्यायचं, किती द्यायचं, ते वकीलबाई सांगतील. आधी बाकावर बसा दीड तास… हो, डुगडुगतं. उजवीकडे टेकून बसायचं, मग कमी डुगडुगतं. एवढी सोय सांगते तुम्हाला.”

“…आईला बोलवू? नाही. आई कामात आहे. तिचा आवाज हवाय? थांबा.”

तिने फोन दाराच्या फटीशी धरला. खडखड, खडखड, खडखड. आईने एक लांब शिवण एका दमात संपवली, दोरा तोडला. तिने फोन परत कानाशी नेला.

“ऐकलंत? खणाशिवाय चालतं ते. अकरा वर्षं चाललंय… हं?… काय विचारताय?… मला कसं कळलं तुम्ही तिथे बसलायत ते?”

ढब्बूने डोळे उघडले होते. काळेभोर, झोपेने ओले. तिच्याकडे टक लावून बघत होती.

“बाबांनी सांगितलं. चार वाजता, पाच टोले देऊन. सोमवारी येताना ते घड्याळही उतरवून आणा.”

तिने फोन ठेवला आणि लेकीला दोन्ही हातांनी उचलून छातीशी घेतलं.