माळ्यावरचे गमबूट

मावशी, आणि आबांच्या दहाव्याला या अंगणात जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलं आहे. खाली बसावंसं वाटतंय. पण जे सांगायचं आहे, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

मी शिकलेला डॉक्टर नाही. पुस्तकं वाचून, गुरांमागे हिंडून गुरांची दुखणी शिकलो. आपल्या तिकोणा पेठ गावात मला चेष्टेने डाक्टर म्हणतात. मला ते आवडतं, हेही आज कबूल करतो.

आबांना गमबूट मीच घालायला लावले. गोठ्यात पायताण घालायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. म्हणाले, "लक्ष्मीच्या घरात असं जायाचं व्हय?" मी समजावलं, लेप्टो हा आजार उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून साचल्या पाण्यात उतरतो आणि टाचेच्या भेगेतून माणसात शिरतो. त्यांनी ऐकलं. अख्खा पावसाळा ऐकलं. पोरं विचारायची, आबा, मिलिटरीत भरतीला निघालात का? आबा सांगायचे, डाक्टरचा हुकूम हाय.

दिवाळी झाली. मी सांगितलं, आबा, आता बूट माळ्यावर टाका. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: दिवाळीनंतर लेप्टोचा धोका नाही. पूर्वी भातखाचरं दसऱ्यालाच कोरडी पडायची, तोवर ते बरोबर होतं.

तुळशीच्या लग्नाला पाऊस लागला. पाच दिवस. थंडीच्या दिवसांत अंगाला घाम. बांधावरच्या बिळांत पाणी शिरलं, उंदीर गोठ्यात आले. चौथ्या दिवशी आबांची कपिला गाय गाभडली, दिवस भरायच्या आतच वासरू पडलं. लेप्टोने गाय गाभडते, हे मला पाठ आहे. तरी मी म्हणालो, उष्णतेनं झालं असेल.

आबा वाकून घाण काढत होते. अनवाणी. घोट्यापर्यंत पाणी. मान वर करून त्यांनी विचारलं,

"डाक्टर, काढू का बूट माळ्यावरनं?"

"आता कशाला, आबा? पावसाळा संपला."

पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि मी म्हणालो, पावसाळा संपला.

त्यानंतर नवव्या दिवशी ताप आला. आठव्या नव्हे, नवव्या. मावशींनी मला सांगितलं होतं, ह्यांच्या पोटऱ्या लय दुखत्यात. डोळे लाल होते. दोन्ही लेप्टोच्याच खुणा. तरी मी थंडीताप ठरवला. त्यात दोन दिवस गेले. तळेगावला दवाखान्यात नेलं, तेव्हा डोळे पिवळे झाले होते, लघवी बंद होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, पाण्यात काम केलं होतं का? उत्तर मी दिलं. आबा बोलण्यापलीकडे गेले होते.

हवा तापली, पाऊस लांबला, हे मी वर्षानुवर्षं त्याच वहीत रोज टिपतोय. मग नियम का बदलला नाही? पाऊस लांबला की आजारही लांबणार, हे कळायला कुठलं पुस्तक लागत होतं? आबांना ते पायाखालचं पाणी बघून कळलं. मला नाही कळलं, कारण नियम माझा होता.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू. पण थांबा. काल दुपारी पुन्हा सर पडून गेली. गोठ्यातलं पाणी या अंगणात आलं आहे, आणि रिवाजाप्रमाणे आपण सगळ्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्यात. आधी त्या घालून या.

मावशी, आबांचे बूट मी माळ्यावरून काढून आणलेत. तुम्हाला मोठे होतील. तरी घाला. उद्या धार काढायला तुम्हीच जाणार आहात. लक्ष्मी रुसायची नाही.

सगळ्यांच्या पायांत काही ना काही आलं, की उभं राहू.

आबा, डाक्टर चुकला.