सोंसच्या तेलाची मालिश

माझं माहेर गोदाकाठचं, शिक्षण चौथी, आणि चारचौघांत बोलायची पहिल्यापासून भीती, म्हणून सांगते ते लिहून घ्या पण नाव घालू नका. लग्न झालं नि थेट बिहारात गेले, हे गंगेवरच्या बंधाऱ्याच्या कामावर क्रेन चालवायचे. तिथं नदीत सोंस होते, म्हणजे गोड्या पाण्यातले डॉल्फिन, लांब चोचीचे, डोळ्यांनी आंधळे. मी धुणं घेऊन घाटावर बसले की एक मादी पिल्लाला घेऊन वर यायची, सूं करून श्वास घ्यायची नि खाली जायची. काय सांगू तुम्हाला, त्या परमुलखात तीच माझी शेजारीण.

माझा सुनील दीड वर्षाचा झाला तरी उभा राहीना. एक कोळीण म्हणाली, सोंसच्या तेलानं चोळ दीदी, पायात ताकद येईल. तिनंच बाटली दिली. महिनाभर चोळलं, पोरगा चालला. मग विचारलं, तेल मिळतं कुठून गं, तर म्हणाली, एक गुदमरली ना नायलॉनच्या जाळ्यात, पिल्लावाली. पोराच्या नादात मी बघितलंच नव्हतं, की घाटावर पिल्लू एकटंच वर येतंय.

हे कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. हे गेल्यावर मी इथं अमेरिकेत वेस्ट विंडसरला सुनीलकडे आले. परवा नात रिया, नऊ वर्षांची, शाळेच्या प्रोजेक्टला हेच डॉल्फिन घेऊन बसली. पोस्टरवर त्यांची संकटं लिहिलेली, मला मराठीत सांगत होती, जाळी, बंधारे, तेल. बाई गं, यातली दोन तर आमच्याच घरातली. आजी, यू सॉ देम? म्हणाली. खरं सांगितलं तर पोर माझ्या कुशीत यायची थांबेल, एवढीच भीती. पण खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

ती उठून सोफ्यावर बसलेल्या बापाचे पाय बघायला लागली. सुनील म्हणाला, काय गं, मसाज करतेस? ती हसली नाही. म्हणाली, आजी, त्या बेबीचं काय झालं? म्हटलं, माहीत नाही बाळा. तशी येऊन कुशीत शिरली नि रडली, आणि मीही, चाळीस वर्षांनी.

पोस्टर शाळेत लागलं, मला बघायला नेलं. खाली तिनं इंग्रजीत दोन ओळी लिहिलेल्या, सुनेनं वाचून दाखवल्या. डॉल्फिनच्या आई, माझा बाबा चालतो. थँक यू, आणि सॉरी.

आता तिच्या केसांना खोबरेल लावायला बसले की म्हणते, आजी, तो आवाज काढ. मी सूं करते. मनात म्हणते, ते पिल्लू जगलेलं असू दे, त्याची पोरंबाळं असू देत, वर येतील तेव्हा श्वास मिळू दे त्यांना.